एलीचा अपराध



दिवाळी सरली व भाताची झोडणी आटोपली म्हणजे शहापूर आणि मुरबाड ह्या तालुक्यांतील पाड्यांवर दरसाल एकच देखावा दिसतो. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. ती फेडण्यासाठी कातकरी व ठाकूर कुटुंबे बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांकडे निघतात, ती पुन्हा पावसाच्या तोंडी परततात. अंगावरचे पोर आईबरोबर जाते. परंतु शाळेच्या वयाचे लेकरू पुष्कळदा आश्रमशाळेत किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेच्या वसतिगृहात ठेविले जाते. तेथे निदान दोन वेळा ताटात भात पडेल व चार अक्षरे येतील, एवढीच आईबापांची आशा. बाप कागदावर अंगठा उठवितो, आई लेकराच्या डोक्यावरून हात फिरविते, आणि ती दोघे भट्टीच्या वाटेस लागतात.

त्या अंगठ्याचा अर्थ काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे. आईबाप त्या वेळी संस्थेच्या हाती काय देतात, व संस्था काय घेते? त्या लेकराचे पुढे काही वाईट झाले, कोणी त्यास मारून जखमी केले, उपाशी ठेविले, किंवा जे बोलावयास जीभ धजत नाही असे काही त्याच्या देहाशी केले, तर त्याचा जाब कोणी द्यावा? ज्या हाताने पाप केले त्यानेच केवळ, की ज्या संस्थेने ते लेकरू घेतले तिनेही? आणि ती संस्था देवाच्या नावाने चालत असेल, तर तिने तो जाब फक्त देवापुढे द्यावा, की सरकारच्या न्यायासनापुढेही? प्रश्न अप्रिय आहे. मंडळीच्या बैठकीत तो निघाला म्हणजे कोणी तरी घाईने प्रार्थना करून विषय संपवितो. यास्तवच तो येथे घ्यावा असे आम्हांस वाटते.

प्रथम आपल्याच तालुक्यातील गोष्ट सांगतो. शहापूर तालुक्यात कवडास येथे मतिमंद मुलांचे एक गृह होते. तेथील पाच मुले कुपोषणाने व हेळसांडीने मरण पावल्याची बातमी २०१० साली वर्तमानपत्रांत आली, आणि तेथील मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचेही उघडकीस आले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने कोणी फिर्यादी येईल म्हणून वाट पाहिली नाही. ती बातमीच अर्ज मानून आपण होऊन चौकशी हाती घेतली. पुढे केवळ त्या एका गृहाची नव्हे, तर राज्यातील अशा गृहांची पाहणी व्हावी म्हणून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमिली. वाचकहो, मतिमंद लेकरास आपले दुःख शब्दांत सांगता येणे किती कठीण! त्याच्या वतीने बोलणे हे कोणाचे तरी काम होते. त्या गृहात ताटे वाढणारे होते, दिवे मालविणारे होते, हिशेब लिहिणारे होते. पाच मुले एकामागून एक जातात, आणि त्या सर्वांच्या डोळ्यांपुढे जातात, हा एका माणसाच्या दुष्टपणाचा विषय राहत नाही.

कोणी म्हणेल, कवडासशी आमच्या मंडळीचा काय संबंध? तर दुसरी गोष्ट ऐका. ह्याच ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतील सीवूड्स येथे, ऑगस्ट २०२२ मध्ये एका पेंटेकॉस्टल चर्चच्या जागेत चालणाऱ्या आश्रयगृहातून सरकारी अधिकाऱ्यांनी ४५ मुले बाहेर काढिली. कायद्याप्रमाणे लागणारी नोंदणी त्या गृहाची नव्हती. पुढे मुलींच्या जबान्यांवरून तेथील पाळकास अटक झाली. त्या मनुष्याच्या दोषादोषाचा निवाडा न्यायासनाचा आहे, आमचा नव्हे. आमचा मुद्दा निराळा आहे. त्या गृहात रविवारी गीते गाइली जात होती, शास्त्र वाचिले जात होते, देणगीदार येऊन मुलांच्या डोक्यांवर हात ठेवून जात होते असे धरून चालू. त्यांतील किती जणांनी नोंदणीचा कागद मागितला असेल? दुसऱ्या पंथांच्या मठांतील व आश्रमांतील उदाहरणे आम्ही मुद्दाम देत नाही. ती पुष्कळ आहेत. परंतु शेजाऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविण्याचा हा प्रसंग नव्हे.

आता शास्त्राकडे वळू. लेकरू धर्मस्थानाच्या हाती सोपविल्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. हन्नाने आपला शमुवेल दूध तुटल्यावर शिलो येथे नेऊन वृद्ध याजक एली ह्याच्या स्वाधीन केला. दरसाल ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. भट्टीवरून महिना-दोन महिन्यांनी एखादा सदरा घेऊन वसतिगृहाच्या दाराशी येणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ह्या झग्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

त्याच मंदिरात एलीचे दोन पुत्र हफनी व फिनहास हे याजकाचे काम करीत. ते यज्ञाचे मांस दंडेलीने घेत, आणि मंदिराच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांस भ्रष्ट करीत. एली स्वतः तसा नव्हता. तो सद्गृहस्थ होता. त्याने पुत्रांस बोलावून चार शब्दही सुनाविले. परंतु तेवढ्यावर तो थांबला. त्याने त्यांस वेदीपासून दूर केले नाही. मग देवाचा न्याय आला तो केवळ त्या पुत्रांवर नव्हे, एलीवर व त्याच्या सर्व घराण्यावर आला. आणि कारणही सांगितले आहे. एलीस ठाऊक होते, आणि त्याने आवरिले नाही. ह्या दोन गोष्टींत एलीचा सगळा अपराध येतो. त्याने कोणास हात लाविला नव्हता. त्याने कोणाचे काही घेतले नव्हते. त्याच्या हाती अधिकार होता, कानी बातमी होती, आणि हात मांडीवर होते.

आमच्या देशाच्या कायद्याने ही गोष्ट जवळजवळ ह्याच शब्दांत धरिली आहे, हे आमच्या उपदेशक बंधूंपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्यास पोक्सो म्हणतात, तो २०१२ साली झाला. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्यास ठाऊक आहे, किंवा घडण्याचा संभव ज्यास दिसतो, अशा प्रत्येकाने तो पोलिसांस कळविला पाहिजे. २१व्या कलमाप्रमाणे जो कळवीत नाही त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जो एखाद्या संस्थेचा प्रमुख आहे, मग त्या संस्थेचे नाव काहीही असो, आणि ज्याच्या हाताखालच्या माणसाने तो अपराध केला आहे, त्याने न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड. इतकेच नव्हे, तर धार्मिक संस्थेच्या किंवा शाळेच्या व्यवस्थापनातील अथवा नोकरीतील मनुष्याने त्या संस्थेतील बालकावर बलात्कारासारखा अत्याचार केल्यास तो अपराध साध्या अपराधाहून अधिक भारी धरिला जातो. धार्मिक संस्था हे शब्द कायद्यात स्पष्ट आहेत. देवाचे नाव घेणाऱ्यास कायद्याने सूट दिली नाही. उलट त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढविले. आमच्या मते ह्यात देवाच्या नावाचा मानच आहे.

हा कायदा कागदावरच राहिला असे कोणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघड झाले. त्या मुलींस तपासणाऱ्या डॉक्टरवर, ठाऊक असून कळविले नाही, असा आरोप ठेविला गेला. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरती फिर्याद रद्द केली होती; परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला, आणि ठाऊक असून न कळविणे हा गंभीर अपराध आहे, त्याने अपराध्यास आडोसा मिळतो, असे बजाविले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये मुरबाडच्या शेजारच्या बदलापुरात एका शाळेतील दोन अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. संतापलेले लोक रेल्वेच्या रुळांवर बसले, हे आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्या प्रकरणी सफाईचे काम करणाऱ्या मनुष्याबरोबरच, वेळीच न कळविल्याबद्दल, शाळेच्या मुख्याध्यापिकेवर व विश्वस्तांवरही गुन्हा नोंदविण्यात आला. एलीचे कलम आता आपल्या उंबऱ्याशी आले आहे.

तथापि कायद्याचे भय घालून मन पालटत नाही. आमच्या मंडळ्यांत ह्या बाबतीत ज्या शंका खरोखर घेतल्या जातात, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिली शंका अशी. भाऊ भावावर अविश्वासी लोकांपुढे फिर्याद नेतो, ह्याबद्दल पौलाने करिंथकरांस दोष दिला आहे. तर मंडळीतील गोष्ट पोलीस ठाण्यात का न्यावी? उत्तर असे की, तो अध्याय नीट वाचावा. तेथे प्रौढ माणसांचे आपसांतील व्यवहाराचे तंटे आहेत, आणि पौल म्हणतो की त्यापेक्षा तुम्ही आपले नुकसान सोसून घ्या. जे माझे आहे ते मी सोसावे, हा उपदेश थोर आहे. परंतु दुसऱ्याच्या लेकराचे नुकसान मी सोसतो, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? ज्याचे अंग भाजले त्यास न विचारता, आम्ही सोशिले, असे पंचांनी म्हणणे ही सहनशीलता नव्हे. शिवाय तोच पौल, आपल्या जिवावर बेतले तेव्हा, कैसराकडे न्याय मागावयास लाजला नाही. आणि रोमकरांस लिहिताना त्याने राजसत्तेस वाईटाचा बंदोबस्त करणारी देवाची सेवक म्हटले आहे.

दुसरी शंका क्षमेची. तो मनुष्य पंचांपुढे रडला, त्याने पश्चात्ताप केला, आता त्यास पोलिसांच्या हाती देणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय? आम्ही विचारतो, क्षमा कोणी केली? जिचा अपराध झाला ती मुलगी त्या बैठकीत होती काय? बहुधा तिची आईसुद्धा नव्हती. ती भट्टीवर विटा थापीत होती. पंचांनी ज्याचा आपणांस अधिकार नाही ते देऊन टाकिले, व त्यास क्षमा हे नाव दिले. पश्चात्ताप खरा असेल तर तो शिक्षेस सामोरा जाईल. वधस्तंभावरील चोराने आपली शिक्षा यथान्याय आहे असेच म्हटले होते. आणि मत्तयाच्या ज्या अठराव्या अध्यायात भावाचा अपराध एकांतात समजावून सांगण्याची आज्ञा आहे, तो अध्यायच एका बालकास मध्यभागी उभे करून सुरू होतो. अशा लहानास जो अडखळवितो त्याच्या गळ्यात जात्याचा दगड बांधावा, हे त्यातच आधी आले आहे. अध्यायाचा शेवट पाठ करावयाचा आणि आरंभ विसरावयाचा, हे शास्त्राचे वाचन नव्हे.

तिसरी शंका अधिक नाजूक आहे, आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपण थोडे लोक आहोत. गावोगावी आपल्याकडे संशयाने पाहणारे आहेत. आपणच आपली लक्तरे वेशीवर टांगली तर विरोधकांस आयते हत्यार मिळेल व खोट्या फिर्यादींस ऊत येईल. हे भय निराधार नाही. परंतु खोट्या फिर्यादीपासून बचाव कशाने होतो ह्याचा विचार करा. ज्या वसतिगृहाची नोंदणी आहे, ज्याच्या वहीत प्रत्येक मुलाचे येणे-जाणे टिपलेले आहे, जेथे मुलींच्या खोलीत पुरुष जात नाही, जेथे आईबाप केव्हाही येऊन लेकरास एकांतात भेटू शकतात, त्यावर खोटी फिर्याद टिकणे कठीण. ज्याची दारे बंद, वह्या कोऱ्या व पंच गप्प, त्याच्याविषयी खरे-खोटे काहीही पसरले तरी लोक खरेच मानणार.

झाकण्याचा परिणाम काय होतो, ह्याचे उदाहरण मोठ्या मंडळीतूनच देतो. इंग्लंडात जॉन स्मिथ नावाचा एक वकील ख्रिस्ती शिबिरांत येणाऱ्या शाळकरी मुलांस व तरुणांस पापमुक्तीच्या नावाखाली अमानुष मारीत असे. १९८२ साली काही पुढाऱ्यांस हे कळले. एक गुप्त अहवालही लिहिला गेला. परंतु पोलिसांस कळविले नाही. शुभवर्तमानाच्या कार्यास बट्टा लागू नये, हीच भावना होती. तो मनुष्य देश सोडून आफ्रिकेत झिम्बाब्वेस गेला, आणि तेथेही मुलांची शिबिरे भरवून तेच करू लागला. इंग्लंडातील पुढाऱ्यांनी आपले नाव राखिले व त्याचे मोल आफ्रिकेतील लेकरांनी दिले. २०१८ साली तो खटला न होताच मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्या सर्वांचा चौकशी अहवाल निघाला, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी ह्यांनी राजीनामा दिला; २०१३ साली त्यांच्या कानी ही गोष्ट गेली होती, पण तिचा पुरता पाठपुरावा झाला नव्हता. आर्चबिशपांनी कोणास मारिले नव्हते. तथापि एलीचा न्याय त्यांच्या आसनापर्यंत पोहोचला.

चौथी शंका सर्वांत कठीण, व तिच्यातच आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. पाप एकाने केले. तर संस्थेस का धरावे? संस्था म्हणजे काय, दगडविटा व वह्या. तिला जीव नाही, विवेक नाही. मग दोष कोठून येणार? आणि तिच्याकडून भरपाई घेतली तर ती गरीब मंडळीच्या दानातून जाणार, ज्यांनी काहीच केले नाही.

ऑस्ट्रेलियात हाच वाद न्यायालयात झाला. बालपणी धर्मगुरूकडून अत्याचार सोसलेल्या एका गृहस्थाने रोमन कॅथलिक चर्चवर दावा लाविला. २००७ साली तेथील न्यू साउथ वेल्स प्रांताच्या अपील न्यायालयाने ठरविले की, मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्तांनी त्या धर्मगुरूची नेमणूक व देखरेख केली नव्हती म्हणून ते जबाबदार नाहीत, आणि चर्च म्हणून जिला म्हणतात तिच्यावर दावा लावता येईल अशी कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीच नाही. अर्थात जमिनी होत्या, इमारती होत्या, परंतु देणेकरी कोणीच सापडेना. पुढे २०१३ ते २०१७ पर्यंत त्या देशात मोठा शाही आयोग बसला. त्याने रोमन कॅथलिक, अँग्लिकन, मुक्तिफौज अशा अनेक संस्थांच्या गृहांची चौकशी केली. त्यानंतर २०१८ साली न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया ह्या प्रांतांनी कायदे करून ही पळवाट बुजविली, आणि पीडितांस भरपाई देण्याची एक राष्ट्रीय योजनाही सुरू झाली.

आमचे मत आम्ही आपल्या खेड्यातील व्यवहारावरून सांगतो. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याने कुटुंबाच्या नावावर कर्ज काढिले तर, कागदावर माझा अंगठा नव्हता, असे धाकट्या भावास म्हणता येत नाही. कारण त्या पैशाची भाकर त्यानेही खाल्ली असते. संस्थेचेही तसेच आहे. आपल्या मिशनांचे जुने अहवाल काढून पाहा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दुष्काळांत आम्ही इतकी अनाथ मुले वाढविली, पंडिता रमाबाईंनी केडगावी इतक्या मुली आणिल्या, असे आपण आजही अभिमानाने सांगतो. आपण त्या वेळी जन्मलोही नव्हतो. तरी आपण ‘आम्ही’ म्हणतो. गेल्या वर्षी वसतिगृहातील मुलगी दहावीस चांगल्या गुणांनी उतरली, तर वार्षिक सभेत ‘आमची मुलगी’ म्हणून तिचा सत्कार होतो. देणगीची पावती फाडिताना ‘आम्ही’, जमिनीचा अर्ज करिताना ‘आम्ही’. आणि त्याच घरात एखाद्या लेकराचा घात झाला म्हणजे एकाएकी ‘तो’ आणि ‘त्याने’! हा व्याकरणाचा खेळ देवापुढे चालावयाचा नाही, व न्यायासनापुढेही चालू नये. ज्या नावाने मान व दान घेतले, त्या नावाने देणेही फेडिले पाहिजे. आईबापांनी अंगठा उठविला तो रखवालदाराच्या भरवशावर नव्हे. त्यांस त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी पाटीवरच्या नावावर भरवसा ठेविला.

ह्यात एक भेद मात्र राखिला पाहिजे. तुरुंगाची शिक्षा ज्याने केले त्यास, आणि ज्याने जाणून झाकिले त्यास. ज्यास काहीच ठाऊक नव्हते अशा म्हातारीस, जिने रविवारी पेटीत दहा रुपये टाकिले, तीस कोणी अपराधी म्हणत नाही. परंतु लेकराची फेड करण्याची जबाबदारी सर्व संस्थेची आहे, आणि त्यात म्हातारीचे दहा रुपये गेले तर ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. तिने ते लेकरांसाठीच दिले होते. पंचांनी व विश्वस्तांनी हेही ध्यानात ठेवावे की, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे कर्तव्यात कसूर करणाऱ्या विश्वस्तास दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांस आहे. चर्चचा ट्रस्ट झाला म्हणून तो अधिकार दाराबाहेर राहत नाही.

आता आमच्या उपदेशक बंधूंस व बायबल भगिनींस थोडे व्यवहाराचे सांगतो. पाड्यावरील आईबाप ज्यांस विचारतात ते तुम्हीच आहात. लेकरू कोठे ठेवावे असे ते विचारतील, तेव्हा तुम्ही आधी त्या गृहाची नोंदणी विचारा. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे, काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक गृहाची नोंदणी झाली पाहिजे, मग त्यास सरकारी मदत असो वा नसो. न केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा निदान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शहापूरच्या अलीकडे खडवली येथे एप्रिल २०२५ मध्ये परवान्याविना चाललेल्या एका वसतिगृहातून २९ मुले सोडवावी लागली, हे विसरू नका. आपल्या घरी किंवा चर्चच्या खोलीत दयेपोटी दोन-चार मुले ठेवून घेण्याची चाल आपल्यात आहे. दया चांगली, पण तिला दार व साक्षीदार असावेत.

सुटीत घरी आलेली मुलगी परत जावयास नको म्हणते, खात नाही, रात्री दचकते, तर आई तिला ओरडते; कारण परत नेले तर भट्टीवर तिला काय खावयास घालावे? अशा वेळी त्या आईस स्वस्थ बसवून, मुलगी काय म्हणते ते आधी ऐका असे सांगणे, हे तुमच्या पन्नास उपदेशांहून मोठे काम आहे. मुलीने काही सांगितले तर तिची उलटतपासणी करू नका, तिला पंचांपुढे उभी करू नका, तिचे नाव चारचौघांत घेऊ नका. कायद्यानेही ते नाव प्रसिद्ध करणे अपराध आहे. १०९८ ह्या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. खबर लिहून घेऊन वाचून दाखविली पाहिजे, असा नियम आहे. मुलीस ठाण्यात जावे लागत नाही. तिची जबानी तिच्या घरी किंवा तिला बरे वाटेल तेथे, होईल तोवर स्त्री अधिकाऱ्याने, साध्या वेषात घ्यावयाची असते. जो सद्भावनेने खबर देतो त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आणि गावकीने पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवून समेट करू म्हटले, तर त्या बैठकीस तुम्ही बसू नका. असा गुन्हा समेटाने मिटत नाही. मिटते ते फक्त लेकराचे तोंड.

आम्हांस ठाऊक आहे की हे सांगणे सोपे व करणे कठीण. तुमचा पगार ज्या संस्थेकडून येतो, तिच्याच वडील माणसाविरुद्ध बोलावे लागेल. घर संस्थेचे, मुलांची फी संस्थेने भरलेली. कदाचित तुमची बदली दूर होईल. ह्या भीतीस आम्ही कमी लेखीत नाही. पण शास्त्रात तिचेही चित्र आहे. रात्री त्या मंदिरात देवाने प्रथम हाक मारिली ती याजकास नव्हे, मुलास मारिली. एलीच्या घराण्यावर काय येणार हे शमुवेलास सांगितले गेले, आणि तो मुलगा सकाळपर्यंत पडून राहिला. ज्याच्या अन्नावर तो वाढत होता त्यासच हे सांगावयाचे होते, तो भ्याला. तेव्हा एलीने आपल्या आयुष्यात उशिरा का होईना एक योग्य गोष्ट केली. त्याने त्या लेकरास जवळ बोलाविले, आणि माझ्यापासून काहीही लपवू नकोस, असे बजाविले. मुलाने सर्व सांगितले. एलीने त्यास खोटे पाडिले नाही, मारिले नाही, हन्नाकडे परत धाडिले नाही.

प्रत्येक वसतिगृहाच्या प्रमुखाने, प्रत्येक पाळकाने व पंचाने निदान एवढे तरी करावे. लेकरू बोलू लागले म्हणजे, ते आपल्याच घराविरुद्ध का असेना, त्याचे ऐकावे. आणि एलीने जे केले नाही तेही करावे. उठावे, अपराध्यास त्या जागेवरून दूर करावे, ठाण्यात खबर द्यावी, व आपल्या संस्थेच्या वतीने जाब द्यावयास उभे राहावे.

शास्त्रात आणखी एक लहान गोष्ट आहे, तिजकडे आपले लक्ष जात नाही. त्या भयंकर रात्रीनंतर उजाडले, तेव्हा शमुवेलाने उठून मंदिराची दारे उघडिली. ते त्याचे रोजचे काम होते. वाचकहो, येत्या दिवाळीनंतरही आपल्या पाड्यांवरून आईबाप लेकरे घेऊन आपल्या दाराशी येतील व अंगठा उठवितील. ते भट्टीवर निश्चिंत निजावेत असे वाटत असेल, तर आपली दारे आतून व बाहेरून, आईबापांस व अधिकाऱ्यांस, उघडी ठेविली पाहिजेत.